शरीर मुलीचं, आत खुनी : बॉडी-स्वॅप हॉरर-कॉमेडी मुलांना दाखवायची की नाही, हे ठरवताना

"अगं आई, कॉमेडी आहे ती, भुताची नाहीये." नववी-दहावीतल्या मुलाने एवढं म्हटलं की बहुतेक घरांत परवानगी मिळून जाते. हॉरर-कॉमेडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर १९९३चा 'झपाटलेला' येतो. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, लक्ष्मीकांत बेर्डे थरथर कापतात आणि घरभर हशा. लहान पोरांनीही तो पाहिलेला असतो. त्यातली काही महिनाभर बाहुल्याकडे पाठ करून झोपली, हे आपण विसरलेलो असतो.

हॉलिवूडच्या डब्यावरही लेबल तेच असतं, पण आतला माल फार वेगळा निघू शकतो. कसं तपासायचं ते इथे एकच सिनेमा हातात घेऊन दाखवतो : क्रिस्टोफर लँडन दिग्दर्शित, २०२०चा 'फ्रीकी'. (कथा पुढे उघड होणार आहे. पालकांना ती आधी कळलेलीच बरी.)

मिली ही अमेरिकेतल्या एका छोट्या गावातली बुजरी शाळकरी मुलगी. गावात 'बुचर' नावाने ओळखला जाणारा खुनी मोकाट फिरतोय. तो एका जुन्या खंजिराने मिलीवर वार करतो आणि १३ तारखेच्या शुक्रवारी सकाळी दोघं एकमेकांच्या शरीरात जागे होतात. २४ तासांच्या आत त्याच खंजिराने उलट वार केला नाही, तर ही अदलाबदल कायमची. त्यामुळे धिप्पाड विन्स वॉन पडद्यावर घाबरलेल्या मुलीसारखा पळतो, आणि कॅथरिन न्यूटन त्याच मुलीच्या चेहऱ्याने थंड डोक्याने माणसं मारते. सिनेमाची लांबी १०२ मिनिटं.

पायरी १ : सर्टिफिकेटवरचं अक्षर सोडा, कारण वाचा

'फ्रीकी'ला अमेरिकेत 'आर' मिळालं आणि ब्रिटनमध्ये '१५'. इथेच पहिला घोटाळा होतो. 'आर म्हणजे आपलं ए' असं समजलं जातं, ते बरोबर नाही. भारतात 'ए' सिनेमाला १८ वर्षांखालच्या मुलाला थिएटरात प्रवेशच नाही, आईवडील बरोबर असले तरी नाही. अमेरिकेत 'आर' सिनेमाला १७ वर्षांखालचं मूल पालकाबरोबर बसू शकतं. ब्रिटनमध्ये '१५' असेल तर चौदा वर्षांच्या मुलाला दारातूनच परत पाठवतात. न्यूजर्सीला नव्याने गेलेल्या घरातला बारा वर्षांचा मुलगा आईबरोबर 'आर' सिनेमाला गेला तर थिएटरवाले बहुधा अडवणार नाहीत. त्यांनी अडवलं नाही याचा अर्थ सिनेमा त्याच्या वयाचा आहे, असा मात्र नाही.

आपल्याकडे २०२३च्या दुरुस्ती कायद्याने 'यूए'चे तीन भाग झाले : ७+, १३+ आणि १६+. हे आकडे पालकांसाठी सूचना म्हणून आहेत, दारावरच्या माणसासाठी नाहीत. म्हणजे १६+ सिनेमाला तेरा वर्षांच्या मुलाला नेलंत तर निर्णयही तुमचा आणि जबाबदारीही तुमची. ओटीटीवर २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार हीच श्रेणी आणि तिचं कारण सुरुवातीला दाखवावं लागतं. पडद्याच्या कोपऱ्यात चार-पाच सेकंद दिसून जाणारी ती ओळ म्हणजे हेच. आपण तेव्हा चिवडा वाटत असतो.

खरी माहिती त्या ओळीत असते. अमेरिकेत सर्वांत जड इंग्रजी शिवी एकापेक्षा जास्त वेळा आली, तर एवढ्यावरही सिनेमा 'आर' होऊ शकतो, मग त्यात रक्ताचा थेंब नसला तरी. म्हणून नुसत्या अक्षरावरून काहीच ठरत नाही. 'फ्रीकी'च्या 'आर'मागे तीन कारणं दिली आहेत : तीव्र रक्तरंजित हिंसा, लैंगिक मजकूर आणि सिनेमाभर शिवराळ भाषा. शिव्या कदाचित तुमच्या मुलाला शाळेच्या बसमध्ये पाठ झाल्या असतील. प्रश्न पहिल्या दोन कारणांचा आहे.

पायरी २ : नेमका कोणता सिनेमा, ते नक्की करा

फालतू वाटेल, पण सर्वाधिक गफलत इथेच होते. 'फ्रीकी फ्रायडे' हा आई-मुलीच्या अदलाबदलीचा कौटुंबिक विनोदी सिनेमा. त्याचं २००३चं रूप 'पीजी' (मुलांना चालेल, पण पालकांनी लक्ष ठेवावं) आहे, २०२५ला आलेला त्याचा पुढचा भागही 'पीजी'च. 'फ्रीकी' हे नाव मुद्दाम त्याच्याजवळ जाणारं ठेवलंय. चेष्टाच तीच आहे की गोड गोष्टीचा साचा घ्यायचा आणि त्यात सुरा खुपसायचा. शोधपट्टीत पहिली पाच अक्षरं टाइप केली की दोन्ही शेजारी शेजारी उभे राहतात. म्हणून नावाबरोबर साल बघा आणि नटांची नावं बघा. मुलाने लिंक पाठवली असेल तर ट्रेलरवर थांबू नका. सर्वांना दाखवायच्या ट्रेलरमधून रक्त गाळलेलं असतं आणि विनोद तेवढे उरतात.

पायरी ३ : दुसऱ्यांनी केलेली मोजदाद वापरा, पण त्यांचा गज ओळखा

आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर प्रत्येक सिनेमाच्या पानावर पालकांसाठीचा भाग असतो. त्यात पाच कप्पे : लैंगिक दृश्यं, हिंसा, शिव्या, दारू-सिगारेट-ड्रग्ज आणि भीतिदायक प्रसंग. तो प्रेक्षकांनी भरलेला असतो. त्यामुळे तपशील भरपूर, पण तोल कधी इकडे कधी तिकडे. कॉमन सेन्स मीडिया ही अमेरिकी संस्था थेट वयाचा आकडा देते. सिनेमांना वयाची सर्टिफिकेटं देणाऱ्या ब्रिटिश बोर्डाच्या (बीबीएफसी) साइटवर कोणत्या प्रकारचं दृश्य आहे ते दोन-चार कोरड्या वाक्यांत मिळतं, आणि कोरडं असल्यामुळेच ते सर्वांत उपयोगी.

मात्र अमेरिकी गज शिवी आणि नग्नतेला कडक, रक्ताला जरा सैल. आपल्या घरात मोजमाप तिसरंच असतं. डोकं फुटलं तर कोणी उठत नाही, चुंबन आलं की बाबांना एकदम पाणी प्यायला जायचं असतं. तुमच्या घराचा गज कोणता, हे आधी स्वतःशी कबूल करा, नाहीतर मुलं ती विसंगती नेमकी पकडतात.

पायरी ४ : आधी एकट्याने पाहा, हातात कागद घेऊन

१०२ मिनिटं काढता आली तर उत्तम. नसतील, तर हे पाच तुकडे तरी पाहाच : सुरुवातीचे बंगल्यातले खून, फुटबॉलच्या मैदानावरचा खंजिराचा प्रसंग, खुनी मिलीच्या शरीरात शाळेत फिरतो तो भाग, रात्रीची पार्टी आणि शेवटी घरातला हल्ला. आवाज बंद करून पाहू नका. हॉररमधलं निम्मं भय कानातून शिरतं. हाड मोडल्याचा आवाज काढून टाकला तर अर्धी दृश्यं खोटी वाटू लागतात आणि तुमचा अंदाज चुकतो.

कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात वेळ. दुसऱ्यात पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसतं. तिसऱ्यात हे करणारं शरीर कोणाचं आणि आत कोण. चौथ्यात सिनेमाला तिथे काय हवंय, हसू की भीती.

दुसऱ्या रकान्यात 'हिंसा' एवढंच लिहिलंत तर कागद वाया. वार होताना कॅमेरा कुठे आहे, जखम दिसते का, किती सेकंद दिसते, माणूस तडफडतो की लगेच पुढचं दृश्य येतं, हे लिहा. 'फ्रीकी'त सुरुवातीलाच एका मुलाच्या घशात काचेची बाटली कोंबली जाते. ती आत गेलेली बाहेरून दिसते आणि मग फुटते. शाळेत एका मुलीला गोठवून तिच्या शरीराचे तुकडे होतात. सुतारकामाच्या वर्गात शिक्षक फिरत्या पात्याच्या करवतीवर उभे चिरले जातात. हे सूचक नाही, समोर दाखवलेलं आहे. अतिशयोक्त आहे, त्यामुळे मोठ्यांना हसू येतं, पण दिसतं. एकीकडे नुसती किंकाळी ऐकू येते आणि दुसरीकडे चिरलेलं शरीर दिसतं. चौदा वर्षांच्या मुलासाठी हा फरक मोठा आहे.

तुलना करायची तर याच दिग्दर्शकाचा २०१७चा 'हॅपी डेथ डे' पाहा. तिथेही मुखवटा घातलेला खुनी, तिथेही विनोद, पण सर्टिफिकेट 'पीजी-१३' (तेराच्या आतल्या मुलांबाबत पालकांनी जास्त सावध राहावं). वार होण्याच्या क्षणाला दृश्य तोडलं जातं. हे दोन सिनेमे लागोपाठ पाहिले की कोणती गोष्ट कोणत्या वयाची, हे पन्नास लेख वाचून कळणार नाही एवढं कळतं.

पायरी ५ : प्रत्येक दृश्य दोनदा मोजा

बॉडी-स्वॅपची खरी अडचण इथे आहे, आणि सर्टिफिकेटमध्ये तिच्यासाठी रकानाच नाही. परकायाप्रवेश आपल्याला नवा नाही. शंकराचार्य अमरू राजाच्या मृत देहात शिरले ती कथा घ्या. तिथेही पेच हाच होता : राण्यांजवळ गेलं ते शरीर कोणाचं, आणि माणूस कोण? दोष लागला तर कोणाला? तोच प्रश्न घेऊन 'फ्रीकी'तली दृश्यं एकदा शरीराकडे बघून मोजा आणि एकदा आतल्या माणसाकडे बघून. दोन्ही उत्तरं जुळली तर पुढे चला. जुळली नाहीत तर तिथे खूण करा, कारण मूल तिथेच अडखळणार आहे.

पहिली खूण गाडीच्या मागच्या सीटवर. मिलीला आवडणारा वर्गमित्र आणि बुचरच्या शरीरातली मिली, यांचं चुंबन. आतून मोजलं तर दोन समवयस्क, दोघांच्या मनात आहे, प्रसंग हळवा. बाहेरून मोजलं तर पन्नाशीचा पुरुष आणि शाळकरी मुलगा. सिनेमा हसत हसत आतल्या बाजूने उभा राहतो. सतरा वर्षांच्या मुलीला हे लगेच कळतं. तेरा वर्षांच्या मुलाला फक्त बाहेरचं दिसतं, आणि तो एकतर किळस करतो किंवा 'चालतं वाटतं' असं मनात नोंदवतो. दोन्ही नकोत.

दुसरी खूण त्याच्या बरोबर उलट. बुचर मिलीच्या शरीरात शाळेत येतो तो लाल जॅकेट, लिपस्टिक अशा थाटात. मुलं वळून बघतात आणि कॅमेराही त्यांच्याबरोबर वळतो. आत बसलेला माणूस मध्यमवयीन खुनी आहे आणि शरीर एका शाळकरी मुलीचं, तिला न विचारता वापरलेलं. पुढे पार्टीच्या ठिकाणी शाळेतली मुलं तिच्यावर जबरदस्ती करायला निघतात आणि बुचर त्यांना मारून टाकतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतो. त्या मुलांना आत खुनी आहे हे ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी ती एकटी सापडलेली मिलीच आहे. रक्ताची एवढी चर्चा होते, पण या सिनेमात मुलीबरोबर बसून बोलायचं असेल तर ते या प्रसंगाबद्दल.

तिसरी गोष्ट सूक्ष्म आहे. सुरुवातीला मरतात ती साधी मुलं, आणि आपण घाबरतो. शाळेत मरतात ते कोण? मिलीला छळणारी मुलगी, तिचा अपमान करणारे शिक्षक. खुनी तोच, पण आता चेहरा गोड आहे आणि मरणारे नावडते आहेत, म्हणून आपण हसतो. 'त्याला असंच पाहिजे होतं' हे वाक्य मुलाच्या तोंडून याच भागात येतं. ते आलं म्हणून घाबरू नका, पण ऐकून ठेवा, नंतर कामाला येईल.

आणि एक फार सुंदर दृश्य. आई जिथे काम करते त्या दुकानाच्या ट्रायल रूममध्ये मिली, बुचरच्या शरीरात, लपली आहे. दाराबाहेर आई. ती आतल्या अनोळखी माणसाशी नवऱ्याच्या मृत्यूबद्दल, एकटेपणाबद्दल बोलत जाते. मुलीला आईचं मन पहिल्यांदा ऐकू येतं. पण आईच्या लेखी आतला माणूस एक समजूतदार पुरुष आहे आणि तिच्या आवाजात जराशी ओढ येते. हसू आणि अवघडलेपण एका दारावर टेकून उभं आहे. दोन मापं न जुळणं नेहमीच वाईट नसतं, ते असं.

मिलीचा मित्र समलिंगी आहे, हे मात्र 'प्रौढ मजकूर' म्हणून कागदावर लिहू नका. तो मित्र आहे, बस्स. पुरुषी शरीरात लघवीला जाण्याचा विनोद आहे, तो लिहा, कारण आजी हॉलमध्ये असतील तर तुम्हाला ते आधी माहीत असलेलं बरं.

पायरी ६ : आता सिनेमा बाजूला ठेवा आणि मुलाकडे बघा

वयाचा आकडा सरासरी मुलासाठी असतो, आणि तसं मूल कोणाच्याच घरात नसतं. हे चार प्रश्न विचारा.

याआधी त्याने काय पाहिलंय? 'स्त्री', 'मुंज्या' पचले असतील तर दचकण्याची सवय आहे, पण उघड्या जखमांची नाही. शिवाय 'फ्रीकी'तले अर्धे विनोद जुन्या खुनी-सिनेमांच्या ठरावीक चालींवर आहेत : कोण आधी मरतो, कोण मूर्खासारखा अंधारात जातो. ते सिनेमे न पाहिलेल्या मुलापर्यंत विनोद पोचत नाही, रक्त तेवढं पोचतं.

रक्त बघून त्याचं काय होतं? इंजेक्शनच्या वेळी किंवा गुडघा फुटल्यावर चक्कर येणाऱ्या मुलांना पडद्यावरच्या रक्तानेही तसं होऊ शकतं. चेहरा पांढरा पडला, घाम आला, जांभया सुरू झाल्या की सिनेमा थांबवा, मुलाला आडवं करा आणि पाय उशीवर ठेवा. 'एवढं काय त्यात' म्हणून चिडवलंत तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

घरात काय घडलंय? मिलीचे वडील वर्षभरापूर्वी गेलेत आणि आई दारूत दुःख बुडवते. ही दृश्यं विनोदी नाहीत. नुकतंच कोणी गमावलेल्या मुलाला करवतीपेक्षा हीच लागतील.

शाळेत काय चाललंय? ज्याला रोज त्रास दिला जातो, त्याच्यासाठी छळणाऱ्यांचे खून हे मनातलं चित्र पडद्यावर दिसण्यासारखं आहे. त्याला सिनेमा नाकारायलाच हवा असं नाही, पण त्याने एकट्याने मोबाइलवर तो पाहू नये.

एवढं झाल्यावर ठोकताळा असा. तेराच्या आत नाही, चर्चा नको. तेरा-चौदाला 'फ्रीकी' नाही, 'हॅपी डेथ डे' तुम्ही आधी पाहून मग. पंधरा-सोळाला वरच्या चारही प्रश्नांची उत्तरं नीट आली तर तुमच्याबरोबर. सतराच्या पुढे त्याने मित्रांबरोबर पाहिला तरी हरकत नाही. मोठी मुलगी सोळाची आणि धाकटा अकराचा असेल तर धाकट्याच्या वयाने ठरवा किंवा तो क्रिकेटच्या कोचिंगला असताना लावा.

पायरी ७ : दाखवायचं ठरलं तर

दुपारी तीनला लावा, रात्री दहाला नाही. संपल्यावर झोपेआधी चार-पाच तास आणि एक जेवण मधे पडलं की चित्रं निवळतात. डबिंगवर भिस्त ठेवू नका. हिंदी डबमध्ये शिव्या मवाळ झाल्या तरी दृश्यं तीच राहतात, आणि सबटायटलमध्ये मूळ शिवी शाबूत असू शकते. दोन्ही आधी तपासा.

एखादं दृश्य फॉरवर्ड करून पुढे ढकलायचं असेल तर कुठे ढकलता येतं ते कागदावर लिहून ठेवा. करवतीचं दृश्य गाळलं तर कथेचं काही बिघडत नाही, शिक्षक मेले एवढं कळलं तरी पुरे. मैदानावरचा खंजिराचा प्रसंग गाळला तर पुढचं काहीच समजणार नाही. ऐनवेळी रिमोट शोधत दहा-दहा सेकंद ढकलणारा बाप नेमका सर्वांत वाईट क्षणाला थांबतो.

मुलाला आधी एकच सांगा : 'कधीही थांब म्हण, कारण विचारणार नाही.' आणि तो म्हणाला तर खरंच विचारू नका.

प्रोफाइलला वयाची मर्यादा आणि चार आकडी पिन लावा. १३+ आणि वरच्या श्रेणींना कुलूप देणं आपल्याकडच्या ओटीटींना बंधनकारकच आहे. पिन म्हणून मुलाची जन्मतारीख ठेवू नका, हे सांगायला लागू नये, पण लागतं. कुलूप लावूनही 'फ्रीकी'तले खून रीलमध्ये तुकड्यातुकड्याने त्याच्या फोनवर येऊ शकतात, मागचं-पुढचं काही नसताना. मुलाने ते आधीच पाहिले असतील तर ओरडण्याआधी विचारा की काय पाहिलं. पंधरा सेकंदांचा निव्वळ खून पाहिलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला कधीकधी पूर्ण सिनेमा दाखवणंच बरं ठरतं.

संपल्यावर लगेच तास घेऊ नका. भांडी आवरताना एखादा प्रश्न पुरे. "गाडीत तो मुलगा नक्की कोणाला किस करत होता?" किंवा "शिक्षक मेले तेव्हा हसलास, सुरुवातीला ती मुलं मेली तेव्हा नाही हसलास. का रे?" उत्तर खांदे उडवून येईल. चालेल. दोन दिवसांनी बसस्टॉपवर तो आपणहून बोलायला लागतो, बहुतेक वेळा तुमची बस समोर आलेली असते तेव्हा.

पुढचे तीन-चार दिवस फक्त झोप बघा. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू, धाकट्याच्या खोलीत गादी सरकवलेली, सकाळी उठायला कुरकुर, एवढं आठवडाभरात ओसरतं. त्याहून लांबलं, किंवा शाळेत जायचंच टाळायला लागला, तर सिनेमाने काहीतरी जुनं उघडलंय असं समजा आणि शाळेच्या समुपदेशकांना भेटा. भेटायला जाताना तो चार रकान्यांचा कागद बरोबर न्या. कोणत्या दृश्याला मूल गप्प झालं, ते त्यावर मिनिटासकट लिहिलेलं असेल.